दुसऱ्या फेकीचं विज्ञान

एकाच गठ्ठ्यातले तीन ए-4 कागद घ्या. पहिला तसाच सपाट धरून समोर फेका. हातभर जाऊन तो गिरक्या घेत खाली येतो. दुसऱ्याचा घट्ट बोळा करून फेका. तो सरळ जातो, पण लवकरच जमीन गाठतो. तिसऱ्याचं विमान करा आणि हलकेच सोडा. ते खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचतं. तिन्ही कागदांचं वजन सारखंच, साधारण 5 ग्रॅम. विमानाला आपण इंजीन लावलं नाही, की काही चिकटवलं नाही. पाच-सहा घड्या घातल्या, एवढंच. मग इतका फरक पडला कशाने?

पाच ते आठ वर्षांच्या मुलांसमोर हे कोडं ठेवलं, की कोणीच गप्प बसत नाही. शाळेतला मोकळा तास, सोसायटीतलं उन्हाळी शिबिर, वाढदिवसाची दुपार, कुठेही हा उपक्रम घेता येतो आणि त्याला पाठकोरे कागद पुरतात. पण बहुतेक ठिकाणी तो एकाच साच्यातून जातो. ताई फळ्यापाशी उभ्या राहून घड्या दाखवतात, निम्म्या मुलांची विमानं वाकडी होतात, ती मोठी माणसं दुरुस्त करून देतात, सगळे मिळून एकदा उडवतात आणि तास संपतो. यातून मूल एवढंच शिकतं, की चांगलं विमान मोठ्यांनाच जमतं.

या खेळाचा जीव दुसऱ्या फेकीत आहे. पहिल्या फेकीत विमान कसं गेलं ते मुलाने पाहावं, स्वतःच्या हाताने त्यात एक बदल करावा आणि पुन्हा फेकून त्या बदलाचा परिणाम पाहावा. एवढं झालं, की विज्ञानाची रीत त्याच्या हातात आली. हे घडवून आणायचं, तर कागदाचं विमान का उडतं आणि का पडतं हे आधी आपल्याला कळलेलं हवं.

हवा पंखाला वर कशी ढकलते

टेबल फॅनसमोर एक पातळ पुठ्ठा आडवा, अगदी सपाट धरा. वारा वरून आणि खालून निघून जातो, हाताला फारसं काही जाणवत नाही. आता पंख्याकडची कड किंचित वर उचला. पुठ्ठा लगेच वर जायला बघतो. तिरप्या पुठ्ठ्याने समोरून येणारी हवा खाली वळवली आणि त्याच वेळी त्या हवेने पुठ्ठ्याला वर ढकललं. न्यूटनचा क्रिया-प्रतिक्रियेचा नियम तो हाच. या वर ढकलण्याला आपण 'उचल' म्हणू. कागदी विमानाचा पंखही हवेतून जाताना थोडा तिरपा असतो आणि त्याला अशीच उचल मिळते.

अनेक पुस्तकांत याचं वेगळं कारण वाचायला मिळतं. पंखाचा वरचा भाग फुगीर असतो, वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला वेळेत गाठायला ती जोरात धावते, असं ते कारण. ते बरोबर नाही. पंखाच्या पुढच्या कडेला फुटलेल्या दोन प्रवाहांनी मागच्या कडेला एकाच वेळी पोचायला हवं असा कोणताही नियम नाही. खऱ्या विमानाच्या पंखाच्या बाकाला महत्त्व जरूर आहे, पण त्याचं काम हवेला नीट वळवण्याचं आहे. लहान आणि हळू उडणाऱ्या विमानाला तर सपाट कागदाचा पंखही पुरतो. मुलांना सांगायला एक वाक्य पुरे: पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर ढकलते.

आता वेगाचा प्रश्न. सुरुवातीचा वेग हात देतो. हवेच्या विरोधामुळे तो कमी होत जातो. त्यानंतर विमान उंची खर्चून वेग टिकवतं. उतारावरून यावं तसं ते हवेतून पुढे-पुढे घरंगळत येतं. म्हणून कागदी विमान खाली येणारच. किती हळू आणि किती सरळ येतं, यात त्याचं कौशल्य. 'माझं विमान पडलं' म्हणून हिरमुसलेल्या मुलाला हे सांगायलाच हवं, कारण ते खरं आहे.

नाक जड का हवं

सपाट कागद गिरक्या का घेतो? त्याचं वजन बरोबर मध्यावर असतं. तो पुढे सरकू लागला, की हवेचा रेटा मात्र मध्याच्या पुढे, पुढच्या कडेच्या जवळ येतो. त्यामुळे पुढची कड उचलली जाते, कागद मागे कलंडतो आणि मग उलटापालट सुरू होते.

विमान करताना आपण नकळत यावरच उपाय करतो. पुढचा भाग दुमडत-दुमडत कागदाचे बरेच थर नाकाशी आणतो. वजन पुढे सरकतं, रुंद पंख मागे राहतात. बॅडमिंटनचं फूल आठवा. ते कसंही मारलं तरी हवेत वळतं आणि बूच पुढे, पिसं मागे असंच जातं. जड भाग पुढे आणि हवा अडवणारा भाग मागे असला, की वस्तू आपोआप सरळ होते. कागदी विमानही त्याच कारणाने आपलं नाक पुढे ठेवतं.

मुलांना हे हाताने तपासता येतं. दोन्ही पंखांखाली मधल्या घडीजवळ एकेक बोट धरून विमान तोलायला सांगा. ते जिथे तोलून राहतं ती जागा लांबीच्या मध्याच्या थोडी पुढे असायला हवी. मग एक छोटी यू-क्लिप आधी नाकाला आणि नंतर शेपटीला लावून पाहू द्या. तोलाची जागा सरकते आणि उड्डाणही बदलतं. नाकाला लावली तर विमान ठामपणे पुढे जातं. शेपटीला लावली तर नाक वर करून जागच्या जागी कोसळतं.

नाक फार जड झालं तर विमान सरळ खाली सूर मारतं. तेव्हा पंखांच्या मागच्या कडा अगदी थोड्या, नखाएवढ्या, वर वळवायच्या. तिथे आदळणारी हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक वर येतं. मोठ्या विमानाच्या शेपटीवर हलणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांचं कामही हेच.

पंख किंचित वर का ठेवायचे

विमान समोरून पाहिलं तर ते इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसायला हवं: पोट खाली आणि दोन्ही पंख थोडे वर उचललेले. मुलांची विमानं बहुधा उलटी असतात, पंख खाली लोंबलेले. अशी विमानं हातातून सुटताच कुशीवर वळतात.

कारण असं. विमान उजवीकडे कललं, की ते उजव्या बाजूला घसरू लागतं. पंख वर उचललेले असतील तर घसरताना खालच्या, म्हणजे उजव्या पंखाला हवा जास्त कोनात भिडते. त्याची उचल वाढते आणि तो पुन्हा वर येतो. पंख लोंबत असतील तर नेमकं उलट होतं आणि कललेलं विमान आणखी कलतं. मुलांच्या विमानांत ही सर्वांत जास्त दिसणारी खोड आहे आणि दुरुस्त करायला ती सर्वांत सोपी. फेकण्याआधी विमान डोळ्यांसमोर धरून 'वाय दिसतो का?' असं विचारायची सवय लावली, की मुलं ती स्वतःच सुधारतात.

जोरात फेकलं की का बिघडतं

मुलं विमान चेंडूच्या जोराने फेकतात. त्यांना वाटतं, जोर जास्त तर अंतर जास्त. पण वेग दुप्पट झाला, की उचल चौपट होते. एवढ्या उचलीने नाक झटकन वर जातं, विमान उभं चढतं आणि तिथे त्याचा वेग संपतो. वेग संपला की उचलही संपते आणि विमान आपटतं. शिवाय जोराच्या हवेने कागदाचे पंख वाकतात, ते वेगळंच.

म्हणून फेकायचं नाही, सोडायचं. पोटाला, तोलाच्या जागेजवळ, अंगठा आणि पहिल्या बोटाने धरायचं, हात खांद्याच्या उंचीवर ठेवायचा, नाक समोर किंवा जरासं खाली ठेवायचं आणि सरळ पुढे ढकलून सोडून द्यायचं. आधी मोकळ्या हाताने हवेत चार वेळा सराव करून घेतला, की पुढचा गोंधळ बराच कमी होतो.

कागद आणि घड्या

झेरॉक्सचा 70 ते 80 जीएसएम कागद उत्तम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. वर्तमानपत्राचा कागद मऊ पडतो आणि पंख लोंबतात. गुळगुळीत कॅलेंडरचा कागद जड असतो आणि लहान बोटांना त्याची घडी बसत नाही. वहीतून फाडलेल्या पानाची कड वेडीवाकडी असेल तर दोन पंख सारखे होत नाहीत. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी शोषून मऊ होतो, म्हणून गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा.

लहान मुलांसाठी टोकदार नाकाचं विमान नको. डोळ्याला लागण्याची भीती असते आणि पहिल्या धडकेतच टोक चुरगळतं. बोथट नाकाचं हे विमान टिकतं आणि संथ उडतं:

1. कागद उभा ठेवून लांबीतून मधोमध घडी घाला आणि उघडा.
2. वरचे दोन्ही कोपरे मधल्या रेषेवर आणा. घराचं छप्पर दिसेल.
3. छप्पर खाली दुमडा. टोक मधल्या रेषेवर यायला हवं.
4. आता वर तयार झालेले दोन कोपरे मधल्या रेषेवर, टोकाच्या सुमारे 3 सेंटिमीटर वर, भेटवा. खाली एक छोटा त्रिकोण बाहेर राहील.
5. तो त्रिकोण वर दुमडा. कोपऱ्यांना कुलूप लागलं.
6. विमान मधल्या रेषेवर मागे दुमडा, कुलूप बाहेरच्या बाजूला राहील असं.
7. पोटासाठी सुमारे 2 सेंटिमीटर सोडून दोन्ही पंख खाली दुमडा आणि मग वर उचला.

सहा-सात वर्षांची मुलं हे थोड्या मदतीने करतात. चार-पाच वर्षांच्या मुलांना पहिल्या पाच घड्या घालून द्याव्यात आणि शेवटच्या दोन त्यांच्यासाठी ठेवाव्यात. पंख त्यांनीच केले, की विमान त्यांचं होतं.

दाखवताना काय नडतं

मुलं समोर आणि आपण त्यांच्याकडे तोंड करून उभे, ही मांडणी या कामाला वाईट. आपला उजवा हात त्यांना डावीकडे दिसतो आणि आपण दुमडलेला कोपरा त्यांच्या कागदावर भलतीकडे जातो. मुलांना अर्धवर्तुळात बसवा आणि आपण त्यांच्यासारखंच तोंड करून, कागद थोडा उंच धरून दाखवा. दाखवायचा कागद मोठा घ्या, एका बाजूने रंगवलेला असेल तर आणखी चांगलं.

'कोपरा मध्यावर आणा' ही सूचना सहा वर्षांच्या मुलाला कठीण जाते, कारण मध्य म्हणजे नेमकं कुठे हे त्याला दिसत नाही. आधीच कागदावर स्केचपेनने ठिपके काढून ठेवले, कोपऱ्यावर लाल आणि तो जिथे यायचा तिथेही लाल, की सूचना एवढीच उरते: 'लाल ठिपका लाल ठिपक्यावर.' पुढच्या घडीला हिरवा. मूल ठिपका ठिपक्यावर ठेवतं, एका हाताच्या पंजाने कागद दाबून धरतं, दुसऱ्या हाताचा अंगठा घडीवरून सरकवतं. अंगठ्याने घडी कच्चीच राहते, म्हणून तिच्यावरून पट्टी किंवा चमच्याची पाठ फिरवू द्या. आणि घडी घालायची ती टेबलावर किंवा फरशीवर. मांडीवर घातलेली घडी हमखास वाकडी जाते.

सगळ्यांची एक घडी पूर्ण झाल्याशिवाय पुढची दाखवू नये. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं. ज्यांचं आधी झालं त्यांनी पंखावर नाव लिहावं आणि चित्र काढावं. विसेक विमानांत आपलं ओळखायचं तर नाव लागतंच.

फेकण्याची शिस्त

पंखे बंद करा, नाहीतर कोणता बदल विमानाने केला आणि कोणता वाऱ्याने, ते कळणार नाही. जमिनीवर खडूने एक रेष ओढा. सगळ्यांनी त्या रेषेवर उभं राहून एकाच दिशेला फेकायचं. तीन शब्द ठरवून घ्या: 'तयार', 'सोडा', 'आणा'. 'आणा' म्हटल्याशिवाय कोणीही रेष ओलांडायची नाही. समोर कोणी असताना विमान सोडायचं नाही, हा नियम मोडणाऱ्याची ती फेरी हुकते. आठ-दहांपेक्षा जास्त मुलं असतील तर दोन रांगा करा. एक रांग सोडते, दुसरी निरखते, मग बदली.

आता दुसरी फेक

पहिल्या फेरीनंतर लगेच दुसरी नको. विमान हातात घेऊन सगळ्यांना खाली बसवा आणि प्रत्येकाला विचारा: 'तुझं विमान कसं गेलं? हाताने करून दाखव.' मूल हाताचा पंजा हवेत फिरवून दाखवतं: वर गेलं, मग धप्पकन खाली, किंवा सारखं डावीकडे वळलं. पाच वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगता येत नाही ते हाताने अचूक सांगता येतं.

मग विचारा: 'काय बदलून पाहू या?' उत्तर आलं, की 'मग आता काय होईल असं तुला वाटतं?' अंदाज आधी बोलून दाखवायचा, बदल नंतर करायचा. आणि एका वेळी एकच बदल. यू-क्लिपही लावली आणि मागची कडही वळवली, तर विमान कशाने सुधारलं हे कळायला वाव राहत नाही. हे मुलांना एकदा सांगून पटत नाही. दोन बदल एकदम करून पाहू द्या आणि विचारा, 'यातलं काय उपयोगी पडलं?' मुलं एकमेकांकडे बघतात. मग पुढच्या वेळी नियम तीच सांगतात.

अंदाज चुकला तरी तो चांगला अंदाज होता, हे मुलाला जाणवू द्यावं. आणि विमान दुरुस्त करायला आपले हात शिवशिवले, तरी ते मागे ठेवावेत. आपल्याला कारण ठाऊक असण्याचा उपयोग योग्य प्रश्न विचारण्यापुरता. 'दोन्ही पंख सारखे आहेत का बघ' हा प्रश्न विमान हातातून घेऊन नीट करून देण्यापेक्षा कितीतरी मोठं काम करतो.

> चौकट: विमान काय सांगतंय?
>
> नाकावर आपटतं: पंखांच्या मागच्या दोन्ही कडा किंचित वर वळवा.
>
> वर चढतं, थांबतं, कोसळतं: हळू सोडा. तरीही तसंच झालं तर मागच्या कडा सपाट करा किंवा नाकाला यू-क्लिप लावा.
>
> उजवीकडे वळतं: दोन्ही पंख सारखे आहेत का पाहा. असतील तर डाव्या पंखाची मागची कड थोडी वर वळवा. डावीकडे वळत असेल तर उजव्याची.
>
> कुशीवर पालथं होतं: पंख लोंबले आहेत, वर उचला.
>
> पोट उघडतं, विमान सैल वाटतं: घड्यांवरून पट्टी पुन्हा फिरवा.
>
> लक्षात ठेवा: एका वेळी एकच बदल, आणि आधी अंदाज.

ही रीत लहान मुलांची समजूत काढण्यापुरती नाही. 1878 मध्ये अमेरिकेतल्या एका घरी वडिलांनी मुलांसाठी एक उडतं खेळणं आणलं. रबरबँड पिळून ते सोडलं, की भिरभिरत छताकडे जायचं. घरातला एक मुलगा अकरा वर्षांचा होता, दुसरा सात. खेळणं मोडल्यावर त्यांनी तशीच दुसरी करून पाहिली, मग मोठी करून पाहिली. मोठी केली की ती नीट उडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. ती मुलं म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. पुढे त्यांच्या ग्लायडरला हिशेबाइतकी उचल मिळेना, तेव्हा 1901 मध्ये त्यांनी हवेचा झोत सोडणारी एक लांब पेटी बांधली आणि तिच्यात पंखांचे छोटे-छोटे नमुने एकामागून एक तपासले. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांच्या विमानाने पहिलं उड्डाण केलं: 12 सेकंद आणि सुमारे 36 मीटर. त्याआधीच्या अनेक फसलेल्या उड्डाणांनी त्यांना काय बदलायचं ते सांगितलं होतं.

स्पर्धा घ्यावी का?

घ्यावी, पण एकच नको. 2022 मध्ये तीन तरुण अमेरिकन इंजिनीयरांचं कागदी विमान 88 मीटरहून दूर गेलं, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या दुपटीहून जास्त. त्याआधी 2010 मध्ये जपानच्या ताकुओ तोदांचं विमान 29.2 सेकंद हवेत राहिलं होतं. ही दोन विमानं एका जातीची नव्हेत. दूर जायचं तर पंख अरुंद ठेवून हवेचा अडथळा कमी करावा लागतो. हवेत टिकायचं तर रुंद पंख आणि संथ गती हवी. 'सर्वांत चांगलं विमान' असं काही नसतं. कशासाठी चांगलं, हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून चार खेळ ठेवा: सर्वांत लांब, सर्वांत जास्त वेळ, खडूच्या वर्तुळात नेमकं उतरणारं आणि सर्वांत सुंदर गिरकी घेणारं. एका खेळात मागे पडलेलं विमान दुसऱ्यात पुढे येतं. हळू आणि सरळ सोडणारी शांत मुलगी वर्तुळाच्या खेळात बाजी मारते, जोराने फेकणारा मुलगा तिथे मागे राहतो आणि मग ती कसं सोडते ते निरखू लागतो.

अंतर मोजायला टेप आधी काढू नका. मुलांना आपापल्या पावलांनी मोजू द्या. एकाची दहा पावलं आणि दुसऱ्याची चौदा, पण विमानं शेजारीशेजारी पडलेली. हे कसं? वाद होतो आणि होऊ द्यावा. सगळ्यांसाठी एकच माप लागतं, हे मुलांनी स्वतः म्हटलं, की टेप काढण्याची वेळ झाली.

पाऊण तास पुरतो. त्यात घड्यांना वीस मिनिटं जातात. उरलेला वेळ फेकण्यासाठी आणि बदलण्यासाठी राखून ठेवा. वेळ कमी पडू लागला तर घड्यांत मदत करून टाका, पण दुसरी फेक गाळू नका. शेवटी विमान मुलासोबत घरी जाऊ द्या आणि पालकांना एवढंच सांगा: 'किती लांब गेलं?' असं विचारू नका. 'तू त्यात काय बदललंस?' असं विचारा.